सहाव्या नळीतला गढूळपणा

पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्याच्या बाजूची एक मराठी माध्यमाची शाळा. दहावीचा वर्ग, बोर्डाच्या प्रात्यक्षिकाआधीचा सराव. विषय नेहमीचाच होता: रासायनिक अभिक्रिया झाली हे कशावरून ओळखायचं? पण विज्ञानाच्या बाईंनी मांडणी नेहमीसारखी केली नव्हती. आठ टेबलं, प्रत्येक टेबलावर सहा परीक्षानळ्या, आणि सहापैकी तीन नळ्यांत अभिक्रिया होणारच नाही अशी योजना. मुलांना हे सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या नळीत जस्ताचे खडे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. दुसरीत मोरचुदाचं द्रावण आणि लोखंडी खिळा. तिसरीत नवसागर आणि पाणी. चौथीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. पाचवीत पोटॅशिअम परमँगनेटच्या द्रावणाचे दोन थेंब आणि वर भरपूर पाणी. सहावीत पाव चमचा धुण्याचा सोडा आणि दहा मिलिलिटर पाणी.

पहिली, दुसरी आणि चौथी ‘हो’ची. उरलेल्या तीन फसव्या. नवसागर पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. पाच ग्रॅम नवसागर पन्नास मिलिलिटर पाण्यात टाकला तर तापमान पाचसहा अंशांनी उतरतं, नळी हाताला गार लागते, आणि ‘तापमानात बदल’ ही खूण पाठ असलेला मुलगा तिथे अडकतो. परमँगनेटचा गर्द जांभळा रंग पाणी ओतताच फिका गुलाबी होतो, तिथे ‘रंगबदल’वाला अडकतो. सहाव्या नळीत काहीच घडायचं नव्हतं. सोडा विरघळेल, पाणी स्वच्छ राहील, मुलं ‘अभिक्रिया नाही’ लिहून मोकळी होतील. ती ठेवली होती विसाव्यासाठी.

घोटाळा त्याच नळीत झाला. पहिल्या पाच टेबलांवर द्रावण स्वच्छ. सहा, सात आणि आठ नंबरच्या टेबलांवर सोडा पडताच पाणी पांढुरकं, गढूळ झालं. उजेडासमोर धरलं तर नळीपलीकडचं बोट धूसर दिसत होतं.

बाईंचा पहिला अंदाज कुठल्याही शिक्षकाचा असता तोच: नळ्या नीट धुतलेल्या नाहीत. ‘धुवा आणि परत करा.’ मुलांनी नळ्या बेसिनच्या नळाखाली खळखळून धुतल्या आणि परत केलं. परत गढूळ. मग सोड्यात कचरा असेल असं ठरलं. वाण्याकडचा सुटा सोडा, त्यात माती असायचीच. इथवर प्रकरण मिटल्यातच जमा होतं. पण सातव्या टेबलावरच्या एका मुलीने विचारलं, ‘बाई, सोडा तर सगळ्यांना एकाच पुडीतला दिलाय. मग आमच्याच तीन टेबलांवर कसा घाण निघाला?’

तीन टेबलं ओळीने होती, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तपास

यापुढे बाईंनी जे केलं त्यासाठीच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं. उत्तर शोधायला त्या पुस्तकाकडे वळल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन संशयित लिहिले: नळी, सोडा, पाणी. आणि अट घातली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुसऱ्या टेबलाची नळी सातव्यावर आणली. पाणी आणि सोडा सातव्याचाच. गढूळ. दुसऱ्या टेबलावरचा सोडा आणला, बाकी सगळं सातव्याचं. गढूळ. दुसऱ्या टेबलावरचं पाणी आणलं. स्वच्छ! उलटी अदलाबदलही करून पाहिली. सातव्याचं पाणी दुसऱ्यावर नेलं, तर तिथली इतका वेळ शहाण्यासारखी वागणारी नळी लगेच पांढरी झाली.

म्हणजे पाणी. पण पाणी तर सगळ्यांना एकाच कॅनमधून दिलं होतं. प्रयोगशाळेतल्या काकांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. गॅरेजमधून आणलेल्या बॅटरीच्या पाण्याचा, म्हणजे ऊर्ध्वपातित (वाफ करून थंड केलेल्या, क्षार नसलेल्या) पाण्याचा कॅन पाचव्या टेबलापर्यंत संपला होता. पुढच्या तीन चंचुपात्रांत त्यांनी नळाचं पाणी भरून दिलं. पाण्यासारखं पाणी, त्यात काय एवढं, असं कोणालाही वाटलं असतं. काकांना कोणी बोललं नाही, हे चांगलं झालं. त्यांच्यामुळेच तर नुसत्या सरावाला प्रयोगाचं रूप आलं.

या नळाला येतं ते बोअरचं आणि टँकरचं मिसळलेलं पाणी. या भागातली गावं २०२१ साली महापालिकेत आली खरी, पण अनेक सोसायट्यांची आणि शाळांची मदार अजून बोअर आणि टँकरवर आहे. पेठांमध्ये किंवा कोथरूडला नळाला येणारं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीतलं, सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं. ते मृदू असतं. बोअरचं पाणी मात्र दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या भेगांमधून मुरत, मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन, खडकातलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम विरघळवत आलेलं असतं. साबणाला फेस न येणं, गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरणं, नळाच्या तोटीला पांढरी किनार चढणं हे सगळं त्याचंच. घरोघरी याला ‘जड पाणी’ म्हणतात.

इथवर आल्यावर वर्गातले बरेच जण ‘सापडलं!’ म्हणून मोकळे झाले. पाणी घाण होतं, संपलं. त्या मुलीचा दुसरा प्रश्न यापेक्षा नेमका होता. ती म्हणाली, ‘पण हेच पाणी आमच्या नवसागराच्या नळीत आहे, परमँगनेटच्या नळीतही आहे. त्या गढूळ नाहीत.’

खरं होतं. नळाचं पाणी एकटं स्वच्छ. सोडा ऊर्ध्वपातित पाण्यात स्वच्छ. दोन्ही एकत्र आले की गढूळ. म्हणजे हा गढूळपणा पाण्यात आधी नव्हता आणि सोड्यातही नव्हता. दोघांच्या भेटीतून तो तयार झाला. ‘नवीन पदार्थ तयार झाला’ असं म्हणण्याचा हक्क इथे पहिल्यांदा मिळाला, आणि तो मिळवून दिला शेजारच्या दोन स्वच्छ नळ्यांनी. गढूळ नळी एकटी काहीच सांगत नव्हती.

खुणांबद्दल आपण शिकवतो त्यात नेमकं हेच राहून जातं. रंगबदल, वायू, अवक्षेप (द्रावणात तयार होऊन खाली बसणारा, न विरघळणारा पदार्थ), तापमान, वास ही यादी मुलांच्या तोंडावर असते. यातली प्रत्येक गोष्ट अभिक्रियेशिवायही घडू शकते, हे मात्र यादीत नसतं. पाणी तापवायला ठेवा, उकळण्याच्या कितीतरी आधी नळीच्या भिंतीवर बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा, तापल्यावर बाहेर पडते. यात अभिक्रिया नाही. तेच पाणी बोअरचं असेल आणि तुम्ही ते उकळत ठेवलंत तर पुढे पांढरी भुकटी खाली बसते. ही अभिक्रिया आहे: कॅल्शिअम बायकार्बोनेट मोडून कॅल्शिअम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. एकाच नळीत, त्याच ज्योतीवर, आधीचे बुडबुडे एका जातीचे आणि नंतरचे काही दुसऱ्या जातीचे. नुसत्या डोळ्यांना त्यांतला फरक दिसत नाही.

आम्लाचा फसवा पुरावा

गढूळपणा कॅल्शिअम कार्बोनेटचा असणार हा तर्क बाईंचा. धुण्याचा सोडा म्हणजे सोडिअम कार्बोनेट. त्यातलं कार्बोनेट पाण्यातल्या कॅल्शिअमला पकडतं आणि अविद्राव्य कॅल्शिअम कार्बोनेट खाली बसतं. ते पाण्यात किती कमी विरघळतं ते पाहा: लिटरभर शुद्ध पाण्यात जेमतेम १३ ते १५ मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्यात मॅग्नेशिअमही असतं, तेव्हा अवक्षेपात थोडं त्याचंही कार्बोनेट असणार.

सिद्ध कसं करायचं? एका मुलाने लगेच विरल आम्लाचे थेंब टाकले. फसफसलं, आणि द्रावण स्वच्छ झालं. ‘कार्बोनेट, बाई! सिद्ध!’

बाईंनी त्याला तेच आम्ल दुसऱ्या टेबलाच्या स्वच्छ नळीत टाकायला सांगितलं. तीही तितकीच फसफसली. अर्थात फसफसणार, कारण तिच्यात उरलेला सोडा होताच, आणि सोडाही कार्बोनेटच. फसफस सोड्याची की अवक्षेपाची, हे त्या पुराव्यावरून सांगताच येत नव्हतं. पूर्ण तपासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्षण. पुरावा भरभरून मिळाला होता, आणि तो कुचकामी होता.

मग काय करायचं? अवक्षेप गाळायचा, धुवायचा, सोडा निघून गेल्याची खात्री करायची आणि मगच आम्ल टाकायचं. पण दहा मिलिलिटरमधला अवक्षेप किती? समजा पाण्याचा जडपणा, कॅल्शिअम कार्बोनेटच्या हिशोबात, लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० पर्यंत चांगलं मानतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं, तेव्हा बोअरसाठी हा आकडा अवाजवी नाही. तर दहा मिलिलिटरमध्ये अवक्षेप फक्त चार मिलिग्रॅम. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड फार तर एक मिलिलिटर, आणि तो तर नळीतल्या पाण्यातच विरघळून जाईल. एकही बुडबुडा दिसला नाही आणि मुलांनी ‘कार्बोनेट नाही’ लिहिलं, असं सहज झालं असतं. इतक्या कमी मालात न दिसणं हा नसण्याचा पुरावा होत नाही.

म्हणून लिटरभर पाणी घेतलं. याच हिशोबाने अवक्षेप चारशे मिलिग्रॅम आणि वायू शंभर मिलिलिटरच्या आसपास. एवढ्यावर काम होतं. सोडा टाकून बादलीवजा भांडं रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकलं, आणि खालचा गाळ गाळणकागदावर घेऊन बॅटरीच्या पाण्याने धुतला. धुऊन झालं हे कसं कळणार? गाळणीखाली येणाऱ्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब. सुरुवातीला गर्द गुलाबी, कारण सोडा अल्कधर्मी. धूत राहिलं तसा रंग उतरत गेला आणि अगदी पुसट झाला. पूर्ण रंगहीन होईपर्यंत थांबायचं कारण नाही, कॅल्शिअम कार्बोनेट स्वतःही किंचित अल्कधर्मी असतं.

मग शंकुपात्रात तो ओला गाळ, वर विरल आम्ल, बूच, वाकडी नळी, आणि नळीचं टोक चुन्याच्या निवळीत. निवळी दुधाळ झाली. म्हणजे वायू कार्बन डायऑक्साइडच, आणि धुतलेला गाळ कार्बोनेटच.

इथे आणखी एक गंमत झाली. दोघांनी शंकुपात्र हलवत वायू जास्त वेळ जाऊ दिला आणि दुधाळ झालेली निवळी हळूहळू परत स्वच्छ होऊ लागली. त्यांना वाटलं प्रयोग बिघडला. बिघडला नव्हता. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्शिअम कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट केलं होतं. आणि बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं कॅल्शिअम म्हणजेच तर बोअरचं जड पाणी. ज्या पाण्याने सगळा घोळ घातला, ते मुलांनी टेबलावर नव्याने बनवलं होतं, तेही जमिनीखाली ज्या रीतीने बनतं जवळपास त्याच रीतीने. बाईंनी त्या स्वच्छ झालेल्या निवळीत सोडा टाकायला लावला. गढूळ! ज्योतीवर कॅल्शिअमचा विटकरी लाल रंग पाहण्याची आणखी एक चाचणी करता आली असती, पण सोडिअमचा अंशही उरला तर त्याचा पिवळा रंग बाकी सगळं झाकून टाकतो. वेळही नव्हता.

गुणांचा वाद

रसायन इथे सुटलं, पण शिक्षकांच्या खोलीत वाद सुरू झाला. उत्तरपत्रिकेप्रमाणे सहाव्या नळीचं उत्तर ‘अभिक्रिया नाही’. सहाव्या आणि सातव्या टेबलाने ‘अवक्षेप आला, अभिक्रिया झाली’ असं लिहिलं होतं. त्यांना गुण द्यायचे का? एक जुने सर म्हणाले, उत्तर चूक आहे, बोर्डात असं लिहिलं तर गुण जातील. दुसऱ्या एका शिक्षिकेने काट्याचा नायटा केला: काटेकोर बोलायचं तर सोडा नुसत्या शुद्ध पाण्यात टाकला तरी कार्बोनेट पाण्याशी थोडी अभिक्रिया करतंच, म्हणून तर द्रावण अल्कधर्मी होतं. तेव्हा ‘अभिक्रिया नाही’ हे मूळ उत्तरच ढोबळ आहे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं.

माझ्या मते खरा प्रश्न आठव्या टेबलाचा होता. त्यांच्या नळीत गढूळपणा इतरांइतकाच होता. त्यांच्या वहीत मात्र ‘द्रावण स्वच्छ, अभिक्रिया नाही’ असं लिहिलेलं, आणि त्याखाली खोडलेल्या पेन्सिलीचा पुसट ‘पांढरे’. पुढच्या टेबलाकडे पाहून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर रबर फिरवलं होतं. उत्तरपत्रिकेनुसार पूर्ण गुण त्यांनाच!

याला मुलांचा लबाडपणा म्हणून भागत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत निरीक्षणाचा रकाना प्रयोगाआधीच भरलेला असणं, गेल्या वर्षीच्या दादा-ताईच्या जर्नलवरून अनुमानासकट सगळं उतरवणं, हे आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की ते कोणाला खटकतही नाही. ‘काय यायला हवं’ हे आधीच ठाऊक असेल तर नळीत काय आलं हे कोण बघणार?

बाईंनी निकाल असा दिला. नळीत दिसलं ते लिहिलं असेल तर निरीक्षणाचा गुण, मग उत्तरपत्रिका काही म्हणो. अनुमानाचा गुण फक्त कारण दिलं असेल तर, आणि ‘अवक्षेप आला म्हणून’ हे कारण पुरेसं नाही, कारण गढूळपणा न विरघळलेल्या सोड्याचा किंवा मातीचाही असू शकला असता. या हिशोबाने सहाव्या आणि सातव्याला अर्धे गुण मिळाले, आठव्याला शून्य. पहिल्या पाच टेबलांनाही निरीक्षणाचेच मिळाले, कारण ‘नाही’ म्हणायचं कारण कोणीच लिहिलं नव्हतं. याच्यावर मात्र बरीच आरडाओरड झाली.

पुढच्या तुकडीत

पुढच्या तुकडीच्या जर्नलमध्ये निरीक्षण आणि अनुमान यांच्या मध्ये एक रकाना आला: ‘आणखी काय असू शकतं?’ तो रिकामा ठेवायची मुभा नव्हती. नवसागराच्या नळीसाठी एकाने लिहिलं, ‘नुसतं विरघळल्यानेही गार होऊ शकतं. पाणी आटवून बघावं, नवसागर परत मिळतो का.’ परमँगनेटसाठी, ‘पाणी कमी टाकलं तर रंग कमी फिका होतो, रंग गेलेला नाही, पातळ झालाय.’ त्याच्याच शेजारणीने तिथे लिंबाचा रस टाकून पाहिला, आणि गुलाबी रंग थोड्या वेळाने खरोखर नाहीसा झाला. त्या दोन नळ्या शेजारी ठेवल्यावर फिकं होणं आणि नाहीसं होणं यातला फरक सांगायची गरज उरली नाही. मोरचुदाच्या नळीत दोन टेबलांवर खिळा तांबूस न होता आधी काळपट झाला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले ते खिळे जस्ताचा मुलामा दिलेले होते, त्यामुळे मोरचुदाशी आधी जस्त भिडलं. पुढच्या वेळी खिळे सॅंडपेपरने घासून घ्यायचे असं ठरलं.

सहावी नळी आता दोनदा करायची, एकदा बॅटरीच्या पाण्यात, एकदा नळाच्या. शिवाय बाईंनी सगळ्यांना घरून बाटलीत पाणी आणायला सांगितलं. कोणी बोअरचं आणलं, कोणी टँकरचं, एकाने पेठेत राहणाऱ्या आत्याकडून धरणाचं. अपेक्षेप्रमाणे बोअरच्या बाटल्या गढूळ झाल्या आणि आत्याचं पाणी जवळपास स्वच्छ राहिलं. मुलांनी नियमही करून टाकला: बोअरचं पाणी सोड्याने गढूळ होतं.

एका मुलाच्या बाटलीने तो नियम मोडला. पाणी बोअरचंच, तो शपथेवर सांगत होता, आणि सोडा टाकूनही ते काचेसारखं स्वच्छ. वर्गाने त्यालाच खोटं पाडायला घेतलं. त्याने रकान्यात लिहिलं, ‘आमच्या सोसायटीत गच्चीवर सॉफ्टनर बसवलाय, त्यात दर आठवड्याला मीठ टाकतात.’ सॉफ्टनरमधली रेझिन कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम धरून ठेवते आणि बदल्यात सोडिअम सोडते. मीठ टाकायचं ते रेझिनला पुन्हा सोडिअमने भरण्यासाठी. पाणी जमिनीतलंच, पण सोड्याला पकडायला त्यात कॅल्शिअमच उरलेलं नाही. बाईंनी त्याला सोसायटीच्या प्लंबरकाकांकडून दोन बाटल्या आणायला सांगितल्या, एक सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपातली आणि एक नंतरची.